वाडी तितकी सरकारं

पौष महिन्यात एक दिवस असा उजाडतो की वैभववाडी तालुक्यातल्या शिराळे गावची लोकसंख्या शून्य होते. साथ आलेली नसते, पूर आलेला नसतो, धरणाची नोटीसही नसते. ग्रामदैवताला कौल लावलेला असतो, देवानं उजवा, म्हणजे होकार, दिलेला असतो, आणि म्हातारीकोतारी, पोरंटोरं, गाई-म्हशी, शेरडं, कोंबड्या, कुत्री, भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण असा सगळा संसार घेऊन गाव शिवेबाहेर पडतं. पलीकडे सडुरे गावच्या हद्दीत राहुट्या उभ्या राहिलेल्या असतात. शाळाही मागोमाग येते आणि झाडाखाली भरते. काही दिवसांनी पुन्हा कौल होतो, देव 'या' म्हणतो आणि गाव परत भरतं. याला गावपळण म्हणतात. मालवण तालुक्यात आचरा, चिंदर, वायंगणी इथंही ती आहे. आचऱ्याची गावपळण तीन-चार वर्षांनी येते आणि तीन दिवस तीन रात्री चालते. शिराळ्याची दरवर्षी.

गंमत अशी की सरकारी दप्तरात सडुरे आणि शिराळे मिळून एकच ग्रामपंचायत आहे. नावही जोडीचं, सडुरे-शिराळे. म्हणजे सरपंचाच्या नकाशावर कुणी कुठं गेलेलंच नसतं. एका अंगणातून दुसऱ्या अंगणात बाजलं हलवलं, इतकंच. देवाच्या नकाशावर मात्र माणसं सीमा ओलांडून परमुलखात उतरलेली असतात आणि परवानगी मिळेपर्यंत कुणाला परत पाऊल टाकायची मुभा नसते. एकाच जमिनीवर दोन नकाशे, आणि दोन्ही अंमलात. कोकणाबाहेरच्या माणसाला हे कोडं वाटतं. कोकणातल्या माणसाला दोनच कसे, असा प्रश्न पडतो.

जगात हौसेनं राष्ट्रं काढणाऱ्यांचा एक संप्रदाय आहे. त्यांच्या राष्ट्रांना मायक्रोनेशन म्हणतात. मराठीत 'चिमुकलं राष्ट्र' म्हणावं तर बालवाडीची पाटी डोळ्यांसमोर येते, म्हणून 'हौशी राष्ट्र' म्हटलेलं बरं, हौशी नाटक मंडळी असतात त्या चालीवर. या संप्रदायातलं एक नामवंत घराणं म्हणजे तालोसा. २६ डिसेंबर १९७९ रोजी अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात रॉबर्ट मॅडिसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलानं आपली झोपायची खोली स्वतंत्र राष्ट्र म्हणून जाहीर केली. फिनिश भाषेत 'तालोसा' म्हणजे 'घरात'. आईनं जेवायला हाक मारली की ती परराष्ट्रातून आलेली हाक. आपल्याकडे त्या वयाचा मुलगा खोलीच्या दाराला आतून कडी लावतो तेव्हा त्याचंही म्हणणं बहुधा हेच असतं, पण तो राज्यघटना लिहीत नाही.

मॅडिसननं लिहिली. नुसती घटना नव्हे, तालोसन नावाची भाषाही घडवली. पुढं खोलीला शहराचा आजूबाजूचा भाग जोडला गेला आणि राष्ट्र म्हटलं की प्रांत आलेच. तालोसाला आठ प्रांत आहेत. त्यातला सेझांब्र हा फ्रान्सच्या किनाऱ्याजवळचा एक खडकाळ बेट-प्रांत, जिथं तालोसाचं कुणी राहत नाही. शिवाय अंटार्क्टिकाच्या एका तुकड्यावर दावा आहे, तिथं पेंग्विन असावेत. प्रत्येक प्रांताला वरच्या सभागृहात एक सदस्य. खालच्या सभागृहात खुर्च्या दोनशे. इतक्या खुर्च्यांना माणसं कुठून आणायची? म्हणून एकेका सभासदाला अनेक खुर्च्या मिळतात. एकच गृहस्थ उभा राहून हात वर करतो आणि पंधरा-वीस मतं पडतात. नाट्यसंमेलनाच्या निवडणुका ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना या पद्धतीत नवल वाटायचं नाही.

पण तालोसाची खरी अक्कल आहे प्रांत वाटपात. नागरिक जगभर विखुरलेले. बहुतेकांनी मिलवॉकी पाहिलेलंही नाही. मग जो जगाच्या ज्या भागात राहतो त्यावरून त्याला एकेक प्रांत नेमून दिला जातो. कधी पाऊल न ठेवलेल्या मोहल्ल्याचा तो रहिवासी होतो, त्या प्रांताच्या सभेत मत देतो, त्या प्रांताच्या झेंड्यासाठी भांडतो.

हे वाचून वैभववाडीचा माणूस म्हणेल, यात नवीन ते काय? आमच्या नालासोपाऱ्याच्या नातवाला वाडी नेमून दिलेलीच आहे. त्याचा जन्म मुंबईचा, शाळा मुंबईची, नोकरी ठाण्याला. गावी येतो तो गणपतीत पाच दिवस आणि शिमग्यात जमलं तर दोन. पण विचारा त्याला, वाडी कुठली? छाती पुढं काढून सांगेल. आणि खालच्या वाडीनं क्रिकेटच्या चषकात वरच्या वाडीला हरवलं तर त्या रात्री जेवणार नाही.

आता राष्ट्र कशाला म्हणायचं याची एक कसोटी आहे. १९३३ साली उरुग्वेची राजधानी मॉन्टेव्हिडिओ इथं झालेल्या करारात चार अटी घातल्या गेल्या: कायमची लोकसंख्या, ठरलेला प्रदेश, सरकार, आणि इतर राष्ट्रांशी संबंध ठेवण्याची क्षमता. जगातली सगळी हौशी राष्ट्रं हा करार घोकून बसलेली असतात. त्या अटी सिंधुदुर्गातल्या कुठल्याही वाडीला लावून पाहाव्यात.

प्रदेश. इथं वाद नाही, म्हणजे वाद आहे म्हणूनच प्रदेश निश्चित आहे. फणसाच्या झाडापासून वहाळापर्यंत, तिथून गडग्याच्या कडेनं पायवाटेपर्यंत. सातबारावर बावीस नावं, त्यातली नऊ वारलेली, चार मुंबईला, एकाचा पत्ता नाही. पण गडगा कुठं आहे ते प्रत्येकाला पाठ. आणि तो मागच्या पावसात शेजाऱ्यानं एक वीत पुढं सरकवला हेही.

परराष्ट्रसंबंध. शेजारच्या वाडीशी बोलणं बंद असणं हाही संबंधच आहे, आणि तो फार काळजीपूर्वक सांभाळावा लागतो. कुणाच्या लग्नाला जायचं, कुणाच्या फक्त बाराव्याला जायचं, कुणाकडे नुसता आहेर पाठवायचा, याची सूक्ष्म संहिता वाडीतल्या आजीबाईंकडे असते.

सरकार. यावर पुढं बोलू, कारण एका परिच्छेदात मावणार नाही.

लोकसंख्या. इथंच अडतं. 'कायमची' हा शब्द मॉन्टेव्हिडिओवाल्यांनी घातला तेव्हा त्यांना कोकण माहीत नसावं. २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्ग जिल्ह्यात ८,६८,८२५ माणसं होती. २०११ मध्ये ८,४९,६५१. सगळा देश वाढत असताना हा जिल्हा दहा वर्षांत एकोणीस हजारांनी आटला. बाकीच्या हौशी राष्ट्रांकडे माणसं येत नाहीत. इथली जातात, फक्त नाव मागं ठेवून जातात, आणि पद असेल तर तेही.

तर सरकार.

वैभववाडी हे तालुक्याचं गाव. करूळ आणि भुईबावडा या दोन घाटांच्या पायथ्याशी बसलेलं. वर चढलं की गगनबावडा आणि कोल्हापूर. २०२४ मध्ये करूळ घाट रुंदीकरणासाठी बंद झाला तेव्हा भुईबावड्याची वळणं मोजत जाणाऱ्यांना आपण एका वेगळ्याच देशात राहतो याचा साक्षात्कार झाला होता. कोकण रेल्वेच्या स्टेशनाचं नाव वैभववाडी रोड. मूळ गाव वाभवे. राज्य सरकारनं २०१४ मध्ये तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायती करायचं ठरवलं आणि त्या लाटेत हे गाव नगर झालं: वाभवे-वैभववाडी नगरपंचायत. मधली ती आडवी रेघ लक्षात घ्यावी. जिल्ह्यात तिच्या बहिणी आहेत, देवगड-जामसंडे आणि कसई-दोडामार्ग. त्या लाटेतल्या एकट्या कुडाळला रेघेची गरज पडली नाही. कोकणात दोन नावांमधली जोडरेघ ही विरामचिन्हात मोडत नाही. तो तहनामा असतो.

नगरपंचायतीला सभासद सतरा. कायद्यानं ठरलेला आकडा; गाव लहान म्हणून त्यात सूट नाही. त्यामुळे वैभववाडीचे प्रभाग सतरा आणि नगरसेवकही सतरा. तुलनेसाठी मुंबई घ्यावी. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख आणि नगरसेवक २२७, म्हणजे एकाच्या वाट्याला साधारण पंचावन्न हजार माणसं. वैभववाडीचा अख्खा तालुका त्याच जनगणनेत पन्नास हजारांच्या आत होता. घाटमाथ्याच्या पायथ्यापासून खाली उंबर्डे-कोकिसऱ्यापर्यंतची सगळी गावं, सगळे वहाळ, नापण्याचा धबधबा धरून सारा तालुका मुंबईत एका नगरसेवकाला पुरला नसता. इथं त्यातल्या एका गावाला सतरा पुरत नाहीत.

पुरत नाहीत असं म्हणायचं कारण, नगरसेवक झालं की काम संपत नाही, सुरू होतं. नगराध्यक्ष एक, उपनगराध्यक्ष एक, मग विषय समित्यांचे सभापती, गटनेते, विरोधकांचा नेता, वर स्वीकृत सदस्य. वजाबाकी केली की नुसता नगरसेवक म्हणून उरलेला माणूस शोधावा लागतो, आणि सापडलाच तर तो नाराज असतो. खांदेपालट होते तेव्हा त्याचा नंबर लागतो.

२०२१-२२ ची निवडणूक तर दोन हप्त्यांत झाली. इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात अडकल्यामुळे काही प्रभागांचं मतदान २१ डिसेंबर २०२१ ला आणि राहिलेल्यांचं १८ जानेवारी २०२२ ला. मोजणी १९ जानेवारीला. राज्यभर हेच झालं, पण लहान गावात त्याची चव वेगळी. निम्म्याहून अधिक गावानं मत देऊन टाकलेलं, पेट्या कुलपात, आणि उरलेल्या प्रभागांत चार आठवडे प्रचार चालू. मोठ्या शहरात उमेदवाराला मतदारयादी लागते. इथं त्याला यादीतल्या प्रत्येकाचं कूळ, मूळ, आजार आणि मागच्या निवडणुकीतलं मत ठाऊक असतं. गुप्त मतदान ही इथं कायद्यानं दिलेली कविकल्पना आहे. मतमोजणीनंतर पडलेला उमेदवार आकड्याकडे बघून मनात बेरीज करतो आणि संध्याकाळी कुणाच्या ओटीवर चहाला जायचं नाही हे त्याला कळलेलं असतं.

हे झालं कायद्यानं दिलेलं सरकार. त्याच्याखाली, म्हणजे खरं तर त्याच्या वर, दुसरं एक सरकार आहे: गावरहाटी. त्यात निवडणूक नाही. गावकर, घाडी, गुरव, मानकरी ही खाती पिढीजात. शपथविधी नाही, राजीनामा नाही आणि मंत्रिमंडळ विस्तार फक्त पाळण्यात होतो. या सरकारची घटना कुठं लिहिलेली नाही, म्हणून तिच्यात कुणाला दुरुस्तीही सुचवता येत नाही. अधिवेशन भरतं देवळाच्या सभामंडपात. गाऱ्हाणं घालणारा देवाला उद्देशून बोलतो, म्हणजे अध्यक्ष महोदयांना संबोधून बोलण्याची संसदीय शिस्त इथं पहिल्यापासून आहे. कुणाच्या पोराला नोकरी, कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाची न्यायालयातली तारीख, कुणाच्या म्हशीचं दूध, अशा सगळ्या मागण्या एका दमात मांडल्या जातात आणि प्रत्येक मागणीनंतर जमलेले सगळे एका सुरात म्हणतात, 'व्हय म्हाराजा'. आवाजी मतदान इतकं निर्विवाद जगातल्या कुठल्याच सभागृहात होत नसेल. विरोधी बाकच नाहीत. विरोध असलाच तर तो नंतर, पालखी आधी कुणी उचलायची यावरून.

तो विरोध मात्र साधा नसतो. नारळ आधी कुणाचा, तळी आधी कुणाची, पालखीचा पुढचा दांडा कुणाच्या खांद्यावर, यावरून कोकणातली देवळं बंद पडलेली आहेत. वाद चिघळला की प्रांताधिकारी आणि तहसीलदार येतात, जमावबंदीचा हुकूम निघतो, आणि देवळाच्या किल्ल्या तहसीलदाराकडे जमा होतात. संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना जगात ठिकठिकाणी उभी असते. कोकणात ते काम महसूल खात्याला करावं लागतं, त्याच पगारात.

इथं विनोदाची कड थोडी बोचते तेही सांगायला हवं. या घरगुती सरकारांच्या हातात एक शिक्षा होती, वाळीत टाकण्याची. पाणी तोडायचं, बोलणं तोडायचं, मयताला खांदा द्यायचा नाही. कोकणातून अशा इतक्या तक्रारी येत गेल्या की महाराष्ट्रानं सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदाच केला; तो २०१६ चा, अंमल जुलै २०१७ पासून. देशात असा कायदा करण्यात महाराष्ट्र पुढं होता याचा अभिमान बाळगताना त्याची गरज आधी कुठं पडली, तेही आठवावं. तालोसात कुणाला वाळीत टाकलं तर तो संगणक बंद करून जेवायला जातो. वाडीत तसं करता येत नाही.

आणि तिसरं सरकार मुंबईत.

त्याचा उगम गिरणगावात. लालबाग, परळ, भायखळा, वरळीच्या चाळींतून गावोगावच्या 'गावकीच्या खोल्या' होत्या. एका खोलीत एका गावचे वीस-तीस गडी, आपापल्या ट्रंकेनिशी. पाळ्यांप्रमाणे झोपणारे, एक कामावरून आला की दुसऱ्यानं उठून जागा द्यायची. भाडं, भांडी, झाडू, नवा माणूस किती दिवस फुकट राहणार, सगळ्याचे नियम आणि सगळ्याचा हिशेब. ती खोली म्हणजे गावची मुंबईतली वकिलात होती. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गिरण्यांबरोबर तो सगळा मुलूखच विस्कटला. गडी विरार, दिवा, डोंबिवली, बदलापूरला पांगले. पण खोलीतून जन्मलेलं मंडळ मेलं नाही. बरोबर चाळीस वर्षांनी, १८ जानेवारीलाच, वैभववाडीतल्या उरलेल्या प्रभागांत मतदान झालं तेव्हा मुंबईहून गाड्या भरून जे मतदार उतरले ते या मंडळांनीच आणलेले, असं म्हणायला पुरावा नाही. शंका घ्यायला हरकतही नाही.

ग्रामस्थ मंडळ, मुंबई. ही एक संघराज्य व्यवस्था आहे. वरती गावाचं मंडळ, खाली प्रत्येक वाडीचं मंडळ, त्याला विकास, उत्कर्ष, उन्नती यांपैकी एक शब्द लावलेला. शेजारच्या वाडीनं 'विकास' आधी घेतला असेल तर यांना 'उत्कर्ष' घ्यावा लागतो आणि तो ते मनाला लावून घेतात. प्रत्येकाची एक मुंबई शाखा आणि एक स्थानिक शाखा. शिवाय युवा मंडळ, महिला मंडळ, क्रीडा समिती, आणि देवळाचं काम निघालं की जीर्णोद्धार समिती. ही समिती सगळ्यांत बलवान, कारण अंदाजपत्रक तिचं. नोंदणी १८६० च्या संस्था कायद्याखाली, न्यास असेल तर १९५० च्या कायद्याखाली, आणि भांडण झालं की मुक्काम पोस्ट वरळी, धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय. 'बदल अर्ज' हा शब्द सामान्य माणसाला माहीत नसतो. मंडळाच्या माजी सचिवाला तो झोपेत विचारला तरी कलमासकट सांगता येतो.

समजा वाडीत चाळीस घरं आहेत. त्यांतली पंचवीस कुलूपबंद. मंडळाच्या कार्यकारिणीत अध्यक्ष, कार्याध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, खजिनदार, उपखजिनदार, हिशेब तपासनीस, सल्लागार सहा आणि बाकी सदस्य. मंडळाचं लेटरहेड घेतलं तर डाव्या बाजूला नावांची रांग वरपासून खालपर्यंत उतरलेली असते आणि आमदारांना लिहिलेलं 'वाडीच्या रस्त्याचे डांबरीकरण होणेबाबत' हे पत्र उजव्या कोपऱ्यात अंग चोरून उभं असतं. दरवर्षी दिनदर्शिका निघते. तिच्यावर सगळ्यांचे फोटो. तिथी-वार उरलेल्या जागेत. फोटोचा आकार पदाप्रमाणे असावा की वर्गणीप्रमाणे, हा प्रश्न पुष्कळ मंडळांच्या इतिहासात येऊन गेलेला आहे आणि त्यातून नवी मंडळं जन्मली आहेत. मॅडिसनच्या राष्ट्रातही फूट पडली होती. २००४ साली एक गट फुटून त्यानं तालोसाचं प्रजासत्ताक काढलं आणि २०१२ साली ते पुन्हा मूळ राज्यात विलीन झालं. आठ वर्षांत समेट! वैभववाडीच्या कुणा जुन्या सचिवाला हे सांगितलं तर तो म्हणेल, त्यांच्यात जमिनीचा प्रश्न नसावा.

मंडळाची वार्षिक सभा रविवारी, दादर-परळच्या एखाद्या शाळेच्या वर्गात. साठीतले अध्यक्ष तिसरीच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेले. मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. जमाखर्च मंजूर करणे. ऐनवेळी येणारे विषय. शेवटच्या विषयासाठीच सगळे आलेले असतात. हरवलेलं पावतीपुस्तक, गेल्या पूजेला उरलेले नारळ, भजनाच्या डबलबारीला बोलावलेल्या बुवांचं मानधन, आणि गावच्या शाखेनं मुंबईला न विचारता बसवलेला पाण्याचा पंप. केंद्र-राज्य संबंधांवर दिल्लीत जे खल होतात ते सगळे इथं होतात, फक्त मध्ये वडापाव असतो. मुंबईचं म्हणणं, पैसे आमचे. गावचं म्हणणं, राहतो आम्ही. दोन्ही खरं, म्हणून ठराव पुढच्या सभेवर.

चलनाचीही सोय आहे. अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटात मोलोसिया नावाचं हौशी राष्ट्र आहे. राष्ट्राध्यक्ष केव्हिन बॉ आपल्या गणवेशात पाहुण्यांना देश दाखवतात आणि त्यांचं चलन बिस्किटांच्या कच्च्या पिठाच्या भावाशी जोडलेलं आहे. लोक हसतात. कोकणात देवळातल्या पावणीला, म्हणजे देवापुढच्या वस्तूंच्या लिलावाला, बसून पाहावं. बाजारात थोडक्या रुपयांत मिळणारा नारळ वाडी विरुद्ध वाडी अशी बोली लागली की हजारांत जातो. त्या चलनवाढीवर रिझर्व्ह बँकेचा काही इलाज नाही. घेणारा तो नारळ घरी नेऊन वाटून टाकतो. मिळवलेलं असतं ते वेगळंच, आणि ते पुढच्या वर्षीपर्यंत पुरतं.

हौशी राष्ट्रांच्या जगात 'प्रांत' हा शब्द सर्वांत मानानं मिरवला तो ऑस्ट्रेलियातल्या लिओनार्ड कॅस्ली या शेतकऱ्यानं. सरकारनं गव्हाच्या विक्रीवर मर्यादा घातली. पीक तयार, विकता येईना. २१ एप्रिल १९७० ला त्यानं आपलं सुमारे पंचाहत्तर चौरस किलोमीटरचं शेत देशातून वेगळं झाल्याचं जाहीर केलं: हट रिव्हर प्रॉव्हिन्स. पुढं स्वतःला प्रिन्स केलं. १९७७ साली ऑस्ट्रेलियाविरुद्ध युद्ध पुकारलं आणि काही दिवसांनी स्वतःच संपल्याचं कळवलं. ऑस्ट्रेलियाला दोन्ही वेळा उत्तर द्यायला फुरसत नव्हती. पन्नास वर्षं टपाल तिकिटं, नाणी, पासपोर्ट सगळं चाललं. करोनानं पर्यटक बंद केले, कराची थकबाकी डोक्यावर होती, आणि ऑगस्ट २०२० मध्ये मुलानं राज्य विसर्जित करून जमीन विकायला काढली. ही गोष्ट कोकणात सांगितली की लोक राजाला हसत नाहीत. थकबाकीचा आकडा विचारतात.

हट रिव्हर निदान पोटाच्या प्रश्नातून निघालं. बाकीच्यांची सगळी धडपड रिकाम्या जागेसाठी असते. इंग्लंडच्या किनाऱ्याबाहेर दुसऱ्या महायुद्धातला एक लष्करी चौथरा दोन खांबांवर उभा होता; रॉय बेट्सनं तो १९६७ साली बळकावून सीलँड काढलं. १९७८ मध्ये तिथं बंड झालं, बंडखोरांतला एक जर्मन कैदी झाला, त्याला सोडवायला जर्मनीचा अधिकारी आला, आणि तेव्हापासून सीलँड म्हणतं, जर्मनीनं आम्हाला मान्यता दिली. वाडीतल्या भांडणात फौजदार येऊन गेला म्हणजे सरकारनं वाडीची दखल घेतली, असं म्हणण्यासारखंच. इजिप्त आणि सुदानच्या मध्ये बीर ताविल नावाचं दोन हजार चौरस किलोमीटरचं वाळवंट आहे, ज्यावर दोन्ही देश हक्क सांगत नाहीत. २०१७ साली इंदूरचा एक तरुण तिथं गाडीनं पोचला, बी पेरलं, बाटलीतलं पाणी घातलं आणि 'किंगडम ऑफ दीक्षित' जाहीर करून परत आला. दीक्षितांच्या राज्यातल्या त्या बीचं पुढं काय झालं, हे कुणी विचारलं नाही. कोकणातल्या आजीनं पहिल्यांदा तेच विचारलं असतं.

म्हणजे जगभरचे हौशी संस्थापक माणसं नसलेली जमीन शोधत फिरतात आणि तिथं झेंडा रोवून येतात. शिराळ्याचे लोक उलटं करतात. भरलेली जमीन वर्षातून एकदा स्वतःच रिकामी करतात आणि देवाच्या ताब्यात देतात. इकडे सतरा प्रभाग, लेटरहेडभर पदाधिकारी, पिढीजात मानकरी. आणि तिकडे सडुऱ्याच्या हद्दीत राहुट्यांची एक वस्ती, जिच्यात दारं नाहीत म्हणून कुलपं नाहीत, गडगा नाही म्हणून तो सरकवण्याचा प्रश्न नाही. रात्री भजन रंगतं, फुगड्या होतात. कोण कुणाच्या बाजूला बसलंय ते अंधारात दिसत नाही. गावपळणीची कारणं विचाराल तर दहा मिळतात: भुताखेतांची, रोगराईची, गावाला विसावा देण्याची, जुन्या कुठल्या संकटाची. आचऱ्यात तर रामेश्वराचा कौल झाला की मुसलमान आणि ख्रिस्ती घरंही गाव सोडतात; त्यांना कारण विचारलं तर ते म्हणतात, गाव जातं म्हणून आम्ही जातो. दहा कारणांत हे अकरावं सर्वांत पटण्यासारखं आहे.

नगरपंचायतीच्या सतरा जागांपेक्षा, मंडळाच्या लेटरहेडपेक्षा आणि तालोसाच्या दोनशे खुर्च्यांपेक्षा राज्यकारभाराचा हा प्रकार सरस आहे, असं साफ म्हणायला हवं. बाकीच्यांना सरकार चालवता येतं. शिराळ्याला ते काही दिवस बंद ठेवून पुन्हा उघडता येतं, आणि मधल्या काळात गावातली एक कोंबडीसुद्धा हरवत नाही.

तेव्हा पौषात कुणी वैभववाडी रोडला उतरून शिराळ्याला निघालं आणि गाव सामसूम दिसलं, तर आत शिरू नये. परत फिरून सडुऱ्याची वाट धरावी. शाळेच्या घोकंपट्टीचा आवाज झाडाखालून येईल, तिथंच माणसं आहेत. चहा मिळेल. मुंबईहून आलात असं कळलं तर पावतीपुस्तकही निघेल.